आषाढात गळलेलं पेपरोमिया: एका कुंडीचं प्रकरण

डोंबिवलीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलची खिडकी दक्षिणेला, वर दीड फुटाचा छज्जा, समोर बैठी शाळा, त्यामुळे आकाश मोकळं. राहणाऱ्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, झाडांची आवड असलेल्या आणि शिस्तीच्या. ही शिस्त पुढे महत्त्वाची ठरते. झाड पेपरोमियाचं, शास्त्रीय नाव पेपरोमिया ऑब्टुसिफोलिया: वीतभर उंची, चार फांद्या, जाड, गोलसर, चकचकीत हिरवी पानं. डिसेंबरात नर्सरीतून आणलं तेव्हा अगदी भरगच्च होतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंनी मला बोलावलं, तोवर निम्म्याहून जास्त पानं गळली होती आणि उरलेली माना टाकून होती.

काकूंचं निदान तयार होतं. "अगं, मी पाणी जास्त घातलं बहुतेक. सगळे तेच म्हणतात." सगळे म्हणतात ते चूक नव्हतं, अपुरं होतं. कारण तेवढंच पाणी, त्याच फुलपात्राने, त्याच दिवसाआडच्या हिशेबाने त्यांनी जानेवारीत घातलं होतं आणि तेव्हा झाड फोफावत होतं. जे माप जानेवारीत मानवलं ते जुलैत का बाधलं, एवढाच या प्रकरणातला प्रश्न आहे.

आधी इतिहास. नर्सरीवाल्याने झाडाला 'बेबी रबर' म्हटलं, म्हणून काकूंना वाटलं की हे आज ना उद्या रबराच्या झाडासारखं वाढणार. त्यांनी चार इंची काळ्या कुंडीतून ते काढून थेट आठ इंची चिनी मातीच्या कुंडीत लावलं. तळाशी दोन बोटं गोटे, वर विकतची तयार माती, म्हणजे बहुतांशी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत. मुळांभोवतीचा नर्सरीतला लाल मातीचा गोळा तसाच ठेवला. कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर, पातळ पडद्याआड. रोज सकाळी आंघोळीनंतर गॅलरीतल्या तुळशीला तांब्याने पाणी, आणि दिवसाआड त्याच तांब्यातलं फुलपात्रभर पेपरोमियाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाची झड आत येऊ लागली, स्लायडिंग बंद झाली आणि कुंडी हलली टीव्हीच्या युनिटवर, खिडकीपासून दहा फूट आत. दिसायलाही तिथे छान दिसत होती.

जूनच्या मध्यावर पानांच्या खालच्या बाजूला खरबरीत, तपकिरी पुटकुळ्या आल्या. काकूंना वाटलं खवले कीड, म्हणून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी झाली. मग खालची पानं पिवळी पडून देठासकट, नुसत्या धक्क्याने गळू लागली. कुणीतरी सांगितलं म्हणून केळीच्या सालीचं पाणी, मग चहाचा चोथा. कुंडीभोवती चिलटं फिरायला लागली. जुलैच्या सुरुवातीला झाड मलूल झालं, ते बघून पाणी रोज सुरू झालं. शेवटी सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या सल्ल्याने कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून ओतलं. फरक शून्य.

बघताना मी सगळ्यात आधी कुंडी उचलली. दगडासारखी जड. पान चिमटीत धरलं, तर मऊ, सहज वाकणारं. या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. पेपरोमियाचं पान आडवं कापून पाहिलं तर नुसत्या डोळ्यांनाही थर दिसतात: वरचा जाड, पारदर्शक थर पाण्याच्या साठ्याचा, आणि त्याखाली खरा हिरवा भाग. साठा भरलेला असेल तर पान ताठ, संपत आला की पातळ आणि मऊ. म्हणजे पान मऊ आणि कुंडी हलकी असेल तर झाड तहानलेलं. पान मऊ आणि कुंडी जड असेल तर पाणी आहे, पण ते उचलायला मुळं उरलेली नाहीत. नुसतं पान बघून पाणी घालणारा माणूस दुसऱ्या अवस्थेतल्या झाडाला हमखास बुडवतो, कारण दोन्हींत पान दिसतं सारखंच.

पुटकुळ्या नखाने खरवडल्या, निघाल्या नाहीत. खवले कीड असती तर कवच सुटून आलं असतं. या पुटकुळ्या पाण्याच्या फुगवट्याच्या होत्या. मुळं पाणी वर ढकलतात, हवा इतकी दमट की पानातून बाष्प बाहेर पडत नाही, मग पेशी फुगून फुटतात आणि तिथे बुचासारखा व्रण राहतो. पेपरोमियात हे नेहमी दिसतं. हीच खरी पहिली सूचना होती, महिनाभर आधी आलेली. तेव्हा मुळं जिवंत होती, नाहीतर पाणी वर चढलंच नसतं. त्या आठवड्यात पाणी थांबवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बाकीच्या शक्यता भराभर निकाली निघाल्या. देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके नव्हते. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे पेपरोमियाच्या पानांवर वलयं उमटतात, तीही नव्हती. खताची कमतरता म्हणावी तर झाड आणून सातच महिने झालेले, आणि इतकं सावकाश वाढणारं झाड तेवढ्यात उपाशी मरत नाही.

मग झाड कुंडीबाहेर काढलं. वास आधी आला, गटाराकडे झुकणारा. मुळं तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढली की बाहेरची साल मोज्यासारखी निसटून आत केसासारखा दोरा उरत होता. पिथियम या मुळं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवाची ही ओळखीची खूण. लाल मातीचा गोळा मधोमध तसाच, चिकट, गच्च ओला. त्याच्याबाहेर कोकोपीटमध्ये मुळं जवळपास गेलेलीच नव्हती. म्हणजे सात महिने त्या मोठ्या कुंडीचा बराचसा भाग झाडाने वापरलाच नव्हता, तो नुसता पाणी धरून बसला होता. चारपैकी दोन फांद्या मातीच्या वर दोन इंचांपर्यंत काळ्या आणि मऊ.

इथे कार्बेन्डाझिम का चाललं नाही ते सांगायला हवं, कारण झाड कुजतंय म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा तेच हातात देतो. पिथियम दिसतं बुरशीसारखं, पण ती खरी बुरशी नव्हे. ते ऊमायसीट गटातलं, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारं. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनात अडथळा आणतं, या गटावर त्याचा परिणाम होत नाही. मेटॅलॅक्सिल या दुसऱ्या औषधाचा होतो, पण एका कुंडीसाठी, बंद हॉलमध्ये, ते वापरायला मी कुणाला सांगणार नाही. शिवाय पिथियम हा पहिला गुन्हेगार नसतोच. मुळं आधी गुदमरतात, तो नंतर येतो.

मुळांना श्वास लागतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू साधारण दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्याच राहिल्या की आतली मुळं पाण्यात असूनही पाणी घेऊ शकत नाहीत. चार इंचांवरून आठ इंचांवर गेलं की कुंडीचा व्यास दुप्पट होतो, पण तोंड, तळ आणि उंची तिन्ही दुप्पट, म्हणून माती आठपट. मुळं तेवढीच. तळातल्या गोट्यांनी निचरा होतो हा समज आपल्याकडे घट्ट आहे, अगदी जुन्या माळ्यांचाही. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. गोटे घातल्याने ओला पट्टा कमी होत नाही, उलट तो दोन बोटं वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी ठेवली की पुरे, आणि तीही माती वाहून जाऊ नये म्हणून.

पण हे सगळं, कुंडी, गोटे, लाल गोळा, डिसेंबरातही होतं. मग तेव्हा का नाही?

उत्तर खिडकीत आहे. झाड पाणी पितं ते उजेडाच्या प्रमाणात. डिसेंबरात डोंबिवलीच्या अक्षांशावर, साधारण 19 अंश उत्तरेला, दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो. छज्ज्याखालून तो सरळ हॉलमध्ये येतो, कट्ट्यावर पसरतो, फरशीवरही पोचतो. पावसाळा संपलेला, आकाश निरभ्र. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीतल्या झाडाला वर्षातला सर्वांत भरपूर उजेड हिवाळ्यात मिळतो. मार्चअखेर सूर्य इतका वर चढतो की छज्ज्याची सावली दुपारी कट्ट्यावर येते. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे एप्रिल-मेच्या भाजून काढणाऱ्या दिवसांत या खिडकीत ऊन नव्हतंच. काकूंना ते जाणवलं नाही, कारण बाहेर डोळे दिपत होते. झाडाला तेव्हा तारून नेलं ते कोरड्या, गरम हवेने आणि दिवसभर फिरणाऱ्या पंख्याने, पाणी कसंबसं उडून जात होतं. मग जून आला. ढग, नव्वदीला टेकलेली आर्द्रता, बंद खिडकी, आणि वर दहा फूट आत सरकलेली कुंडी.

फोनवरच्या लक्समापकाने उजेड मोजला (लक्स हे उजेडाचं माप). असली ॲप कच्ची असतात, पण तुलनेला चालतात. जुलैच्या ढगाळ दुपारी कट्ट्यावर दीड हजारांच्या आसपास, टीव्हीच्या युनिटवर ऐंशी. काकूंना दोन्ही जागा "चांगल्या उजेडाच्या" वाटत होत्या. माणसाचा डोळा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून घरातला उजेड आपण नेहमी जास्त धरतो. उघड्यावर भर उन्हात लाखभर लक्स असतात, दाट ढगातही दहा हजारांच्या घरात. ऐंशी लक्समध्ये पेपरोमिया जगतं म्हणण्यापेक्षा हळूहळू संपतं, आणि त्या अवस्थेत दिवसाआड फुलपात्रभर पाण्याचं त्याने करायचं काय?

म्हणून माझं निदान काकूंच्या आणि सोसायटीच्या निदानाहून वेगळं आहे. झाड गेलं उजेड गेल्यामुळे. पाणी त्या जागी नुसतं हजर होतं.

याला शेजारीच एक पुरावा होता. समोरच्या वहिनींनी त्याच दिवशी, त्याच नर्सरीतून जोडीचं झाड घेतलं होतं. ते अजून त्याच चार इंची काळ्या कुंडीत, पूर्वेच्या उघड्या गॅलरीत, पत्र्याच्या शेडखाली. पाण्याला वेळापत्रक नाही, आठवलं तर घालतात. झाड ठणठणीत, आणि त्याला तुरेही आलेले, मिरीच्या वेलाला येतात तसे उभे, बारीक. घराणं एकच आहे: मिरी, पिंपळी, विड्याचं पान, पेपरोमिया. गंमत म्हणजे काकूंच्या तुळशीच्या कुंडीत त्याच पावसात पेपरोमियाचीच एक रानटी बहीण माजली होती, पेपरोमिया पेल्युसिडा, पाणीदार देठाची, कोकणात पावसाळ्यात ओल्या भिंतींवर आणि कुंड्यांत आपोआप उगवणारी. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. ती त्या ओल्याचिंब मातीत मजेत होती, पण ती उघड्यावर होती.

इलाजात मूळ झाड वाचवायचा प्रयत्न केला नाही. मुळं इतकी गेल्यावर माती बदलून वाट बघण्यात आठवडे जातात आणि तेवढ्यात कुज देठात चढते. त्यापेक्षा वरचे शेंडे काढावेत. सुरी स्पिरिटने पुसली, प्रत्येक शेंड्याला तीन-चार पानं ठेवली, आणि काप बघितला. मध्ये तपकिरी कडं दिसलं की सुरी पुसून आणखी वर कापायचं, स्वच्छ हिरवट पांढरा काप मिळेपर्यंत. दोन चांगल्या फांद्यांतून आणि एका सडलेल्या फांदीच्या टोकातून मिळून पाच शेंडे हाती आले. चौथी फांदी वरपर्यंत गेलेली होती. शेंडे कागदावर सावलीत दिवसभर सुकू दिले, म्हणजे जखम बंद होते. काही निरोगी पानंही देठासकट ठेवली.

इथे इंटरनेटवरच्या सल्ल्याशी माझा एक वाद आहे. कटिंगवर प्लॅस्टिकची पिशवी घाला, रोज फवारा मारा, खाली पाणी आणि खडे भरलेलं ताट ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते थंड प्रदेशांतल्या, हीटर लावलेल्या कोरड्या खोल्यांसाठी आहे. आषाढातल्या डोंबिवलीत हवाच ओली असते, पिशवी घातली की शेंडा तीन दिवसांत बुळबुळीत. "हिवाळ्यात पाणी कमी करा" हाही तिकडचाच सल्ला, तिथे हिवाळा अंधारा असतो म्हणून. आपल्या किनारपट्टीवर घरातल्या झाडाचा अंधारा ऋतू आषाढ-श्रावण आहे. काकूंनी हिवाळ्यात पाणी कमी केलं नाही हे उलट बरंच झालं.

तीन शेंडे पाण्यात ठेवले, फक्त टोक बुडेल इतक्याच, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलून. दोन शेंडे आणि पानं मिश्रणात: एक भाग धुतलेलं कोकोपीट (न धुतलेल्यात क्षार असू शकतात), एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि विटांचा बारीक चुरा, मूठभर गांडूळखत. सगळं कट्ट्यावर, काचेला लागून. पाण्यातला एक शेंडा सडला, तो सडक्या फांदीवरचा होता, काप स्वच्छ दिसूनही. बाकी चारांना गणपतीपर्यंत मुळं आली. पानांना पिल्लं फुटायला दसरा उजाडला. घरात पांढऱ्या-पिवळ्या कडांचं पेपरोमिया असेल तर पानापासून रोप करू नये, पिल्लू नुसतं हिरवं निघतं. तिथे शेंडाच हवा.

रोपं तीन इंची मातीच्या कुंड्यांत गेली, कुंभाराकडच्या, न रंगवलेल्या. त्यांच्या भिंतींतूनही पाणी उडतं. लाल माती अजिबात नाही. पुढची कुंडी द्यायची ती मुळं भोकातून डोकावल्यावर आणि एकच इंच मोठी.

खरी अडचण होती ती सवयीची. आंघोळ, तुळस, उरलेलं पाणी हा काकूंचा वर्षानुवर्षांचा क्रम. 'माती बघून घाला' असं सांगून तो मोडणार नव्हता, आणि मोडावा असंही मला वाटलं नाही. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला. कुंडी पोटभर पाणी घालून, निथळवून तोलली. पान किंचित मऊ होऊ लागलं त्या दिवशी पुन्हा तोलली. दोन्ही आकडे कुंडीच्या पोटावर पेन्सिलने लिहिले. आता रोज सकाळी कुंडी काट्यावर ठेवायची, खालचा आकडा आला तरच पाणी, तेही तळातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून द्यायचं. बँकेतल्या माणसाला हे फारच पटलं. काकूंनी त्याची वहीही घातली. तिच्यात दिसतं की भाद्रपदातल्या ढगाळ दिवसांत तीच कुंडी दोन आठवडे पुरायची आणि ऑक्टोबर हीटमध्ये पाच-सहा दिवस. आठवड्यातून इतक्यांदा पाणी घाला, असं या झाडाबद्दल कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला ही वही दाखवावी. डिसेंबरात कट्ट्यावर पुन्हा लक्स मोजले, पडद्यातून वीस हजारांच्या पुढे.

टीव्हीच्या युनिटवर झाड हवंच, हा काकूंचा हट्ट मात्र कायम राहिला. त्याला उपाय आहे. साधा 9 वॉटचा पांढरा एलईडी बल्ब, झाडापासून फूटभर वर, रोज बारा तास. त्या अंतरावर हजार-दीड हजार लक्स मिळतात, म्हणजे पावसाळ्यातल्या कट्ट्याइतके. वीज महिन्याला सव्वातीन युनिटच्या आत. जांभळ्या उजेडाचे महागडे ग्रो लाइट यासाठी लागत नाहीत, आणि हॉलमध्ये ते दिसतातही भयाण. एक रोप तिथे गेलं, दोन कट्ट्यावर राहिली, एक वहिनींकडे. त्यांच्याकडे मांजर आहे आणि ती सगळं चावून बघते. पेपरोमिया मांजर-कुत्र्यांना विषारी नाही, तेवढी काळजी मिटली.

भिंतीवरच्या कॅलेंडरात काकूंनी दोन ठिकाणी खुणा केल्या आहेत. मेच्या मध्यावर 'पेप. पाणी जपून', आणि पहिल्या पावसाच्या सुमाराला 'कुंडी काचेपाशीच, झड आली तर पडदा, आत नाही'. आठ इंची चिनी मातीची कुंडी गोटे काढून गॅलरीत तुळशीशेजारी ठेवली, तिच्यात गवती चहा लावला. सकाळच्या तांब्यातलं उरलेलं पाणी आता त्याला जातं.